मागच्यावरून पुढचं: गाढीचा पूर, पूररेषा आणि तरुण मुलं

या मालेतली आधीची व्याख्यानं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना आपली पद्धत ठाऊक आहे. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द घ्यायचा आणि तो नीट उलगडून बघायचा. आजचा शब्द आहे 'अनुभव'. विषय मात्र हवामानबदलाचा आहे. तो आपल्या पनवेल भागात कसा जाणवतो, आणि तरुण मुलांनी त्याबद्दल काही करायला घेतलं तर ते काम कोणत्या जातीचं असेल, हे बघायचं आहे. अनुभवाचा इथे काय संबंध, असं कुणी विचारेल. आमच्या मते तोच मुख्य संबंध आहे.

सुकापूर या नावाची आम्हाला नेहमी गंमत वाटते. 'पूर' म्हणजे वस्ती, हे खरं. पण कानाला ऐकू येतं ते वेगळंच: आधी सुका, मग पूर. मे महिन्यात टँकरची वाट बघायची आणि जुलैमध्ये गाढीचं पाणी कुठवर आलं ते बघायला पुलावर जायचं, हे आपलं वर्षाचं वेळापत्रकच त्या नावात आहे. गाढी माथेरानच्या डोंगररांगेतून उतरते, देहरंगच्या धरणात अडते, तिथून पुढे आपल्या जवळून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते. उन्हाळ्याच्या शेवटी ते धरण तळ गाठतं आणि त्याच नदीची पावसाळ्यात धास्ती वाटते. नदी तीच.

आता अनुभवाकडे येऊ. आपल्या भागातल्या जुन्या भातशेतकऱ्याकडे पंचांगाच्या पलीकडचं एक ज्ञान असायचं. राब कधी भाजायचा, रोहिणीत पेरणी कुठल्या शेतात चालेल आणि कुठल्यात मृगाची वाट बघायची, आवण कधी उपटायचं, लावणी किती दिवसांत उरकायची, भात कापून उडवी कधी रचायची. ही अंधश्रद्धा नव्हती बरं का. शेकडो पावसाळे पाहून काढलेला तो निष्कर्ष होता. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, आणि मोसमी पाऊस मुंबई-पनवेलकडे साधारण त्याच सुमाराला, ११ जूनच्या आसपास येतो. पंचांग आणि वेधशाळा यांचं इतकं जमणं काही योगायोग नाही.

पण अलीकडचे दोन पावसाळे घ्या. २०२३ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला २५ जूनला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीतही पोहोचला. २०२५ मध्ये तो मुंबईत आला २६ मे रोजी, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत लवकर. दोन वर्षांच्या अंतराने एका महिन्याचा फरक! २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' चक्रीवादळाच्या काळात पाऊस असा लांबला की कोकणात कापणीला आलेलं भात शेतात आडवं झालं आणि तिथेच त्याला कोंब फुटले. अशा वेळी म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "असं कधी बघितलं नाय." हे वाक्य आपण तक्रार म्हणून ऐकतो. ते ज्ञानाबद्दलचं विधान आहे. आपल्याजवळच्या अनुभवातून या प्रश्नाचं उत्तर निघत नाही, असं तो सांगतो आहे.

तत्त्वज्ञानात या अडचणीचा खूप विचार झालेला आहे. डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात विचारलं की आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्या उगवेल, हे कशावरून? पुढे बर्ट्रांड रसेलने १९१२ साली त्याला एक कोंबडी जोडून दिली. रोज सकाळी दाणे घालणारा माणूस दिसला की कोंबडीला वाटतं, दाणे येणार. एके दिवशी तोच माणूस तिची मान मुरगळतो. कोंबडीचा अनुभव खोटा नव्हता, फक्त अपुरा होता.

आम्हाला मात्र इथे आपल्या नैयायिकांचं विवेचन जास्त उपयोगी वाटतं. ते म्हणतात, जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. पण उलट म्हणा: जिथे अग्नी तिथे धूर. हे कितीतरी वेळा खरं दिसेल, तरी ते पक्कं नाही. का? कारण धूर निघायला लाकूड ओलं लागतं. तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. हे ओलं लाकूड म्हणजे 'उपाधी', नियमाच्या पोटात लपलेली अट. ती अट पाळली जाते तोवर आपल्याला ती दिसतही नाही. नियम आपोआप चालतो आहे असंच वाटतं.

आता बघा. आपल्या पूर्वजांच्या पावसाबद्दलच्या सगळ्या नियमांच्या पोटात एक उपाधी होती: हवेची घडण आहे तशीच राहील. औद्योगिक काळाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. २०२४ हे वर्ष जागतिक सरासरीने औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम होतं. लाकूड वाळलं आहे. पूर्वज चुकले नव्हते. त्यांच्या नियमाची अट आपल्या काळात मोडली.

दीड अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं खरं. सकाळ-दुपारमध्ये दहा अंशांचा फरक आपण सोसतोच. पण हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. शिवाय आपल्या उशाशी अरबी समुद्र आहे आणि तोही तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यांचं बाष्प अरबी समुद्रावरून येतं. आणि त्याच काळात तिथला एकूण मोसमी पाऊस मात्र कमी झाला. हे जरा सावकाश समजून घ्यायला हवं. पाऊस कमी आणि पूर जास्त, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपल्या गावाच्या नावासारख्या.

इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण तरुण मुलं उत्साहात तो विसरतात. काकतालीय न्याय तुम्हाला माहीत आहे. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. प्रत्येक मुसळधार पावसाकडे बोट दाखवून "हा बघा हवामानबदल" म्हणणं हा त्यातलाच प्रकार होऊ शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्याला ७३. त्या दिवशी पनवेलमध्येही पाणी घरांत शिरलं. एका दिवसाच्या एका ढगाला एकच कारण चिकटवायचं नसतं. फासा भारित आहे की नाही, हे एका डावावरून ठरत नाही. अनेक डावांची नोंद लागते. नोंद हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

दुसऱ्या बाजूची चूक आमच्या मते जास्त घातक आहे, ती म्हणजे हवामानबदलाची ढाल करणं. पूर आला की साहेब म्हणतात, "निसर्गापुढे काय चालणार?" अहो, पाऊस निसर्गाचा, पण पाण्याची वाट कुणी बुजवली? विमानतळासाठी ९० मीटरहून उंच असलेली उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, सखल जमिनीवर मोठा भराव झाला. डुंगी गावात पाणी शिरू लागलं आणि गावाला पुनर्वसन मागावं लागलं. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ नको होता, असं आमचं म्हणणं नाही; आपल्यापैकी अनेकांची मुलं तिथे नोकरी शोधत असतील. म्हणणं एवढंच की जमिनीचा उतार बदलला की जुन्या पुराची साक्ष निम्मी निकामी होते.

खारजमिनीचं शास्त्र आपल्या लोकांना होतं. खाडीच्या कडेला बांध, बांधाला उघाडी. भरतीला ती मिटायची आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. नवी मुंबई वसवताना सिडकोने धारण तलाव बांधले, त्यांचं तत्त्वही हेच: भरती आणि पाऊस एकत्र आले तर पाणी थांबायला जागा हवी. आता समुद्राची पातळी वाढते आहे म्हणजे ओहोटीची उघडी वेळ आखडत जाणार, आणि पाऊस थोड्या तासांत जास्त पडणार. तलाव गाळाने भरलेला असेल तर तो फक्त नावाचा तलाव.

आता सगळ्यात महत्त्वाच्या जागी येतो. जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांना दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून बांधकाम. 'शंभर वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस निश्चिंत होतो: २००५ ला आला, आता २१०५ ला! तसं नाही. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दर वर्षी चार टक्के. तुम्ही निळ्या रेषेला लागून फ्लॅट घेतला आणि वीस वर्षांचं कर्ज काढलं, तर कर्ज फिटायच्या आत पाणी एकदा तरी दाराशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ५६ टक्के निघते. बारावीचं गणित आहे, घरी करून बघा.

आणि हे गणित धरूनच चाललं आहे की पुढची वर्षं मागच्यासारखी असतील. पूररेषा म्हणजे नकाशावर काढलेला ह्यूमचा प्रश्नच आहे. मागच्या पावसाच्या नोंदी घेऊन रेषा आखली. पाऊस बदलला, भरावाने जमीन बदलली, तरी रेषा तिथेच. कागदावर जी शंभर वर्षांची आहे ती प्रत्यक्षात किती वर्षांची उरली, हे नव्याने मोजल्याशिवाय कसं कळणार?

रेषेचं झालं तेच यादीचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह मिळाले, आणि शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. शासनातर्फे विधिमंडळात सांगितलं गेलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती आणि तिथे अशी घटना पूर्वी घडलेली नव्हती. हे खरंच असणार. ठाकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती, त्यांचाही अनुभव तेच सांगत होता. सरकारची यादी आणि वाडीतल्या वडीलधाऱ्यांची आठवण, दोन्ही साक्षीदार एकच सांगत होते, आणि दोघांचीही साक्ष मागचीच होती. या घटनेवर आम्हाला जास्त बोलवत नाही. गेलेल्यांत शाळेत जाणारी मुलं होती.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच तालुक्यात, खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातला माणूस म्हणेल, अडतीस म्हणजे आमच्याकडे गारवा! पण कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्याच महिन्यातल्या भारत आणि बांगलादेशातल्या दमट उष्णतेचा अभ्यास 'वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने केला. तापलेल्या जगात अशा लाटेची शक्यता निदान तीसपट झाली आहे, असं त्यांनी काढलं. इथेही दोन वाटे वेगळे करा. दमट उष्णता वाढली हा जगाच्या धुराचा वाटा. भर दुपारी सावलीविना माणसं बसली, हा आपल्या ठरवण्याचा वाटा. पहिल्या वाट्यावर सुकापूरचा ताबा नाही, दुसऱ्यावर आहे.

मग तरुणांनी काय करायचं? आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: ५ जूनला रोपं लावा. मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतो. रोप लावण्यात वाईट काही नाही. पण पावसात डोंगरउतारावर लावलेलं रोप फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात जळतं. वणवा लागायच्या आधी गवत कापून जाळरेषा काढणारी मुलं आम्हाला फोटोतल्या मुलांपेक्षा जास्त उमजलेली वाटतात. त्या कामाला कुणी पाहुणा येत नाही.

ज्या तरुणांच्या कामाने खरोखर काही हललं, त्यांची उदाहरणं बघा. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे कायद्याचे काही विद्यार्थी २०१९ मध्ये एकत्र आले. त्यांची बेटं बुडायला आली आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या की देशांची या बाबतीत जबाबदारी काय, असं त्यांनी ठरवलं. वनुआटू सरकारने प्रश्न उचलला, २०२३ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो न्यायालयाकडे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. वर्गात सुचलेला प्रश्न सहा वर्षांत हेगला पोहोचला. आमच्या शिक्षकी आयुष्यात इतका नीट विचारलेला प्रश्न क्वचितच आढळला.

जवळचं उदाहरण मुंबईतल्या आरेचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ७ ऑक्टोबरला आणखी झाडं तोडायला मनाई केली. तोवर दोन हजारांवर झाडं गेली होती. यात पूर्वपक्षही तगडा आहे, तो ऐकून घ्यायला हवा: मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात, म्हणजे धूरही कमी होतो. मग झाड वाचवणारा हवामानाच्या बाजूचा की मेट्रो बांधणारा? दोघेही असू शकतात. भांडण जागेचं होतं, आणि जागेचं भांडण तपशिलानेच सुटतं.

आता श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

एका गृहस्थांनी विचारलं आहे की अमेरिकेत माणशी वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, आपल्याकडे दोन टनांच्या आसपास. मग आमच्या मुलांनी का झिजायचं? प्रश्न रास्त आहे. हा अन्याय आहे आणि तो ठणकावून सांगितलाच पाहिजे. त्या बेटांवरच्या मुलांनी तेच केलं. पण धूर कमी करणं हे एक काम आणि पाण्याची वाट मोकळी ठेवणं हे दुसरं. धुराचा हिशोब वॉशिंग्टनकडे मागा. गाढीच्या पूररेषेचा हिशोब मात्र इथल्याच कचेरीत मागावा लागेल, तो मागायला अमेरिकेचा माणूस येणार नाही.

दुसरा प्रश्न एका मुलीचा, ती अकरावीत आहे. घरचे म्हणतात, तुला यातलं काय कळतं, आम्ही चाळीस पावसाळे पाहिले आहेत. हिला काय उत्तर द्यायचं?

बाळ, न्यायदर्शनात 'आप्त' नावाची कल्पना आहे. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा तो आप्त. त्याची अट काय? वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. वयाची अट त्यात नाही. म्लेच्छही आप्त असू शकतो, असं जुन्या भाष्यकारांनी मान्य केलं आहे, मग अकरावीतली मुलगी का नाही? चाळीस पावसाळे पाहिलेल्यांना मोडीत काढू नकोस. उलट त्यांना विचार, २००५ ला पाणी नेमकं कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं? भिंतीवर खूण कुठे होती? रंग दिला का नंतर? ते लिहून घे, फूटपट्टीने मोज, तारीख घाल. त्यांची आठवण आणि तुझं मोजमाप एकत्र आलं की साक्ष तयार होते. मग आपल्या भागातल्या गाढीची निळी-लाल रेषा कोणत्या वर्षीच्या नोंदींवरून आखली, हे माहितीच्या अधिकारात विचार. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर अर्जावर आईची सही चालेल. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं, नाही आलं तर अपील असतं.

आणि गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेव. झाडाखाली नको, टाकीच्या आडोशालाही नको. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं समजलं की आकडे बोलायला लागतात. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतं, तेव्हा तूही साडेआठलाच वाच, म्हणजे तुझा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. शाळा सकाळची असेल तर घरातल्या कुणाला तरी वाचायला शिकवून ठेव. आजोबांना सांगितलंस तर बहुधा ते तुझ्यापेक्षा जास्त नेमाने वाचतील.